वानगीचे दिवस

वानगी हा शब्द आपल्या बाजाराने फार जुन्या काळापासून जपून ठेवला आहे. धान्याचा व्यापारी पोत्यात पोकळ सळई खुपसतो, मूठभर दाणे बाहेर काढतो आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो. आंबेवाला एक फोड कापून पुढे करतो आणि म्हणतो, "आधी खाऊन बघा, मग पेटीचं बोलू." या छोट्याशा व्यवहारात दोघांचाही मान राहतो. विकणारा आपला माल उघडा करतो आणि घेणारा तो आपल्या जिभेने पारखतो. मध्ये तिसऱ्या कोणाची साक्ष लागत नाही.

श्रोतेहो, आज मी या जुन्या रीतीच्या एका नव्या अवताराची हकीकत सांगणार आहे. संगणकावर आणि टीव्हीला जोडलेल्या यंत्रांवर जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांची वानगी पूर्वी सर्रास फुकट मिळत असे. तिला "डेमो" म्हणत. डेमो म्हणजे सबंध खेळातला एखादा तुकडा, अर्ध्या-पाऊण तासाचा. तो खेळून पाहायचा; आवडला तर पूर्ण खेळ विकत घ्यायचा, नाही आवडला तर रामराम! १९९० नंतरची पंधरा-वीस वर्षे या डेमोंचा सुकाळ होता. पुढे, मोठ्या खेळांपुरता तरी, तो झरा हळूहळू आटत गेला. हे कसे झाले आणि त्यात आपले काय गेले, हा आजचा प्रश्न आहे. कंपन्या लोभी झाल्या, असे एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होता येईल. पण विकणाऱ्याला लोभ तर पहिल्या दिवसापासून असतोच. मग आधी त्याने वानगी का दिली, हेही सांगायला हवे.

या गोष्टीची सुरुवात खेळांपासून होत नाही. ती कचेरीच्या कामाच्या प्रोग्रॅमांपासून होते. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी "पीसी-टॉक" नावाचा आणि जिम नॉफ यांनी "पीसी-फाइल" नावाचा प्रोग्रॅम लोकांच्या हाती दिला. पहिला टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडी, दुसरा माहितीची नोंद ठेवी. दोघांचेही सांगणे एकच होते: वापरून पाहा, मित्रांना नकला करून द्या, आणि उपयोगी वाटला तर आम्हाला पैसे पाठवा. पुढच्याच वर्षी बॉब वॉलेस यांनी "पीसी-राइट" हा लिहिण्याचा प्रोग्रॅम याच रीतीने बाहेर काढला आणि "शेअरवेअर" हे नाव रूढ झाले.

कचेरीच्या कामाला ही रीत बरी होती, कारण तो प्रोग्रॅम रोज लागे आणि रोज त्या न दिलेल्या पैशांची आठवण करून देई. खेळाचे तसे नसते. खेळ एकदा खेळून संपला की माणूस तो विसरतो, आणि पैसे पाठवायचेही विसरतो. टेक्सासमधल्या स्कॉट मिलर या तरुणाला हा अनुभव आलाच होता. तेव्हा १९८७ साली "किंगडम ऑफ क्रोझ" हा खेळ काढताना त्याने एक युक्ती केली. पहिला भाग फुकट सोडला आणि पुढचे भाग स्वतःजवळ ठेवले. ज्याला पुढचे हवेत, त्याने पैसे पाठवावेत. युक्ती साधीच होती. मासिकातल्या कादंबरीखाली "क्रमशः" असा शब्द छापतात ना, तसलाच हा प्रकार! पण तिने मनुष्यस्वभाव बरोबर ओळखला होता. मिलर यांच्या अपॉजी या कंपनीचा सारा डोलारा पुढे याच युक्तीवर उभा राहिला.

१९९० च्या डिसेंबरात अपॉजीने "कमांडर कीन" हा खेळ याच पद्धतीने बाहेर काढला. तो करणारी तरुण मंडळी दिवसा दुसऱ्याची नोकरी करीत आणि उरलेल्या वेळात हा खेळ लिहीत. तो चालला तेव्हा त्यांनी नोकरी सोडून "इड सॉफ्टवेअर" ही स्वतःची कंपनी काढली. १९९२ साली त्यांचा "वुल्फेन्स्टाइन" आला आणि १० डिसेंबर १९९३ रोजी "डूम" आला.

डूमची कथा या इतिहासात मध्यभागी बसते. खेळाचे तीन भाग, मिळून सत्तावीस पातळ्या. त्यांतला पहिला भाग, नऊ पातळ्यांचा, सर्वांना फुकट. त्या दिवशी तो भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवायचा होता. तो उतरवून घेण्यासाठी आधीपासूनच इतके लोक दाराशी दाटले होते की खुद्द खेळ ठेवणाऱ्यांनाच आत शिरायला जागा मिळेना! एकदा तो बाहेर पडला आणि मग टेलिफोनच्या तारांवरून, फ्लॉपींवरून, एका हातातून दुसऱ्या हातात असा पसरत गेला. दुकानदारांनाही मोकळीक होती: हा फुकटचा भाग फ्लॉपीवर भरा, विका, आलेले पैसे तुमचे. कंपनीला त्यातून छदाम मिळत नसे. तिला हवा होता तो पुढच्या दोन भागांचा गिऱ्हाईक. आणि पहिल्या भागाचा शेट पाहा कसा केला होता! अखेरच्या पातळीवर राक्षसांना मारून नायक बाहेर पडण्याच्या वाटेने जातो तो थेट अंधारात, शत्रूंच्या घोळक्यात. तिथेच खेळ थांबतो. ज्यांच्या हाती फक्त फुकटची फ्लॉपी आली, त्यांचा डूम त्या अंधारातच संपला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ही वानगी वाटणारी मंडळी कोणी बडी धेंडे नव्हती. मोठ्या दुकानांच्या फळीवर त्यांच्या खोक्यांना जागा नव्हती. जाहिरातीला पैसा नव्हता. ज्याला बाजारात कोणी ओळखत नाही, त्याला माल उघडून दाखवावाच लागतो. नावाजलेल्या पेढीवर गिऱ्हाईक नाव वाचून येतो. नवख्याजवळ मालाखेरीज दाखवायला दुसरे असते काय? डेमोचा सारा इतिहास, त्याची भरती आणि ओहोटी, मला तरी या एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो.

भरतीचे दुसरे कारण म्हणजे मासिके. ब्रिटनमध्ये घरगुती संगणकावर खेळ कॅसेटवरून चढवीत, त्या काळापासून म्हणजे १९८० नंतरच्या दशकापासूनच तिथली मासिके मुखपृष्ठावर खेळांची कॅसेट चिकटवून देऊ लागली होती. मग कॅसेट जाऊन फ्लॉपी आली आणि फ्लॉपी जाऊन सीडी. एका सीडीवर साडेसहाशे मेगाबाइट मजकूर मावे. म्हणजे साडेचारशेहून अधिक फ्लॉपींचा ऐवज! १९९४ च्या डिसेंबरात जपानात आणि १९९५ साली अमेरिका-युरोपात सोनीचे प्लेस्टेशन आले, आणि ब्रिटनमध्ये त्याच्या अधिकृत मासिकाबरोबर डेमोंची तबकडी येऊ लागली. या व्यवहारात तिघांचे भले होई. मासिकाचा खप वाढे, कंपनीची जाहिरात होई, आणि वाचकाला पाच-सात खेळ चाखायला मिळत. पूर्ण खेळाची किंमत ज्या मुलांच्या आवाक्याबाहेर होती, ती महिनाभर तेच पाच-सात तुकडे पुनःपुन्हा खेळत. त्यांच्या लेखी वानगी हेच जेवण होते.

वानगीवर कष्टही घेतले जात. "हाफ-लाइफ" हा खेळ १९९८ साली निघाला आणि पुढच्या वर्षी त्याचा "अपलिंक" नावाचा डेमो आला. त्यातला प्रसंग मूळ खेळात नव्हताच. वानगीसाठी तो वेगळा मांडलेला होता.

आपल्याकडे या गोष्टी थोड्या उशिरा आल्या. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले. पण ते टेलिफोनवरून, आणि मिनिटांच्या हिशेबाने बिल वाढवणारे. शंभर मेगाबाइटचा डेमो उतरवायला लाइन मध्येच तुटली नाही तरी पाच-सहा तास लागत. तेवढा वेळ घरचा फोन अडवून ठेवायचा, म्हणजे वडिलांची बोलणी खायची! त्यामुळे आपल्याकडच्या मुलांनाही आधार होता तो मासिकांच्या सीडीचा. मुंबईहून निघणारे "चिप" आणि २००१ पासूनचे "डिजिट" ही इंग्रजी मासिके सीडीसकट येत आणि त्यांत खेळांचे डेमो असत. एकाने मासिक घ्यायचे आणि चौघांनी सीडी फिरवायची, हा रिवाज. अर्थात आपल्या बाजाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. फुटपाथवर चोरट्या नकला इतक्या स्वस्त मिळत की वानगी आणि पूर्ण माल यांत फरकच उरत नसे. तरीही ज्यांना चोरीचा माल नको होता, त्यांना खेळाशी ओळख करून देणारी वाट हीच होती.

आता ओहोटीकडे वळू. तिची पहिली खूण भर सुकाळातच दिसली होती. १९९६ साली जपानच्या स्क्वेअर कंपनीने "टोबाल नंबर वन" या नव्या खेळाच्या खोक्यात आपल्या गाजत्या मालिकेतल्या "फायनल फँटसी सेव्हन"ची वानगी घातली. २००१ साली कोनामीने "झोन ऑफ द एंडर्स" या खेळाबरोबर "मेटल गिअर सॉलिड टू"चा डेमो दिला, आणि त्या डेमोपायीच हा खेळ विकत घेणारे पुष्कळ निघाले. म्हणजे काय झालं बघा. अनोळखी खेळ विकण्यासाठी आता ओळखीच्या खेळाची वानगी वापरली जाऊ लागली. आंब्याची फोड हवी असेल तर आधी फणस विकत घ्या! ज्याच्या वानगीसाठी लोक पैसे मोजतात, त्याला ती फुकट देण्याची गरज राहिली नाही, हे त्यातून उघड झाले.

दुसरे कारण खर्चाचे. डूमसारख्या खेळाचा पहिला भाग कापून देणे सोपे होते, कारण तो मुळातच भागाभागांत रचलेला होता. पुढे खेळ अवाढव्य झाले. शेकडो माणसे, वर्षानुवर्षांचे काम. अशा खेळातून एक तुकडा असा कापायचा की तो स्वतःच्या पायावर उभा राहील, त्यात चुका नसतील, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणीतूनही तो पार पडेल, हे काम कित्येक आठवड्यांचे. आणि ते येते केव्हा? मूळ खेळ पुरा करण्याची ऐन घाई असते तेव्हा. कारागीर तिथून काढून इथे लावायचे, हे कोणत्याही मालकाच्या जिवावर येणारच.

तिसरे कारण वाहनाचे. इंटरनेट वेगवान झाले आणि मासिकांच्या तबकड्या मागे पडल्या. वास्तविक इंटरनेटवर वानगी देणे अधिक सोपे व्हायला हवे होते, आणि थोडा काळ तसे झालेही. २००५ साली मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० आले. त्याच्या "लाइव्ह आर्केड" या विभागातल्या प्रत्येक छोट्या खेळाबरोबर फुकट चाचणी देण्याची सक्तीच होती. पण मासिक गेले आणि त्याबरोबर एक आग्रही मध्यस्थही गेला. दर महिन्याला तबकडी भरायची असल्यामुळे संपादक कंपन्यांच्या दारात उभा राही आणि डेमो मागून आणी. तो मागणारा आता राहिला नाही.

चौथे कारण सर्वांत नाजूक आहे. २०१३ च्या फेब्रुवारीत लास व्हेगासच्या डाइस परिषदेत कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्राध्यापक आणि खेळांचे रचनाकार जेसी शेल यांनी एक्सबॉक्स ३६० वरच्या खेळांच्या विक्रीचा आलेख दाखवला. ज्या खेळांची चित्रफीत दाखवली पण डेमो दिला नाही, ते सर्वांत अधिक खपले होते. डेमो दिलेल्या खेळांची विक्री त्यांच्या निम्म्याच्या आसपास होती. आपल्या म्हातारीकोतारींनी हे केव्हाच सांगून ठेवले आहे: झाकली मूठ सव्वा लाखाची! चित्रफीत पाहून माणसाच्या मनात इच्छा जागी होते. डेमो खेळून ती इच्छा कधी वाढते, पण कधी भागतेही. आणि खेळ सुमार असला तर डेमो देणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

या आलेखावरून डेमोमुळेच विक्री घटते असे मात्र सिद्ध होत नाही. ज्यांचा गाजावाजा आधीच मोठा, तेच डेमोविना बाजारात उतरतात. ते अधिक खपणारच. वैद्याकडे जाणारे अधिक आजारी दिसतात म्हणून वैद्यामुळे आजार होतो, असे कोणी म्हणत नाही. पण धंद्याला इतका बारकावा नको असतो. डेमोसाठी खर्च करायचा आणि वर विक्री घटण्याची भीती, हे गणित पुष्कळ मालकांना पटले.

मग वानगीच्या जागी काय आले? पहिली आली चित्रफीत. यूट्यूब २००५ साली निघाले आणि खेळणाऱ्याऐवजी पाहणारा हा नवा गिऱ्हाईक तयार झाला. दुसऱ्याने खेळलेला खेळ पाहून आपण आपला निर्णय करायचा. पण दुसऱ्याने खाल्लेल्या फोडीची गोडी आपल्या जिभेला कशी कळणार? व्हिडिओ गेमचा सारा स्वाद हातात असतो: कळ दाबली आणि पडद्यावरचा माणूस कसा वळला, यात. तो डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी सोय परताव्याची. स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या मोठ्या दुकानाने २ जून २०१५ पासून नियम केला: विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल, तर पैसे परत. ही सोय चांगलीच आहे. पण आधी पैसे खिशातून जावे लागतात. ज्या मुलाच्या खिशात ते नाहीतच, त्याला तिचा काय उपयोग?

तिसरा आला तो मुळातच फुकट असलेला खेळ. पूर्ण खेळ घ्या, दाम काही नाही. आत गेल्यावर मात्र पोशाखाला पैसे, हत्यारांच्या रंगाला पैसे. आपल्या देशात २०१८ साली आलेल्या "पब्जी मोबाइल"ने ही रीत खेड्यापाड्यांत पोहोचवली. जुन्या वानगीला शेवट होता. तिथे खेळ थांबे आणि माणूस विचार करी, घ्यायचा की नाही? नव्या खेळात तो थांबाच काढून टाकला आहे. शिवाय असा खेळ कधीच आपला होत नाही. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली, ऑक्टोबरअखेर कंपनीने इथली सेवा थांबवली, आणि ज्यांनी आत पैसे खर्च केले होते त्यांच्या हाती तेव्हा काही उरले नाही.

या ओहोटीतही एक डेमो असा निघाला की त्याची आठवण अजून निघते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी प्लेस्टेशनच्या दुकानात "पी. टी." नावाचा एक भीतिदायक छोटा खेळ फुकट अवतरला. करणाऱ्याचे नाव कोणी कधी न ऐकलेले: "७७८० एस स्टुडिओ". एकाच घराचा एकच बोळ, पुनःपुन्हा. अखेरचे कोडे सुटले तेव्हा कळले की ही कोनामीच्या "सायलेंट हिल्स" या आगामी खेळाची वानगी, आणि नाव न सांगणारा कर्ता म्हणजे मेटल गिअरचे जगप्रसिद्ध हिदेओ कोजिमा. म्हणजे नावाजलेल्या माणसालाही वानगी देताना अनोळखी माणसाचे सोंग घ्यावेसे वाटले! पुढे तो खेळ रद्द झाला आणि २९ एप्रिल २०१५ रोजी पी. टी. दुकानातून काढून टाकला गेला. ज्यांनी नंतर तो आपल्या यंत्रावरून पुसला, त्यांना तो परत उतरवता आला नाही. तो खेळ आत असलेली जुनी यंत्रे लोक भारी किमतीला विकायला काढू लागले.

इथे डूमची आठवण येते. डूमच्या फुकट भागाची नकल करायला मुभा होती, म्हणून तो घरोघर गेला आणि आजही मिळतो. पी. टी. कुलपात होता, म्हणून साडेआठ महिन्यांत दुकानातून नाहीसा झाला. मासिकांच्या तबकड्याही कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर अजून आहेत आणि जुन्या यंत्रात घातल्या तर चालतात. वस्तू लोकांच्या हातात राहिली तर ती टिकते, हा धडा ग्रंथालये चालवणाऱ्यांनी तरी विसरू नये.

डेमो अगदीच नामशेष झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. काही मोठ्या कंपन्या अजूनही अधूनमधून तो देतात. आणि २०१९ च्या डिसेंबरात स्टीमने डेमोंची एक छोटी जत्रा भरवली. २०२१ पासून ती "नेक्स्ट फेस्ट" या नावाने वर्षातून तीनदा भरते आणि शेकडो डेमो काही दिवस फुकट खेळायला मिळतात. देणारे कोण? बहुतेक छोटे कारागीर, चार-दोन माणसांच्या कंपन्या, काही तर एकटेच. २०२४ च्या फेब्रुवारीत निघालेला "बालाट्रो" हा पत्त्यांचा खेळ कॅनडातल्या एका माणसाने केला. तो आपले खरे नावही सांगत नाही. खेळ निघण्यापूर्वी त्याचा डेमो लोकांच्या हातात फिरला होता. महिन्याभरात खेळाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या.

म्हणजे गोष्ट १९८७ सालापाशी परत आली म्हणायची. वानगी देणारा हात तेव्हाही नवख्याचा होता आणि आजही नवख्याचाच आहे. मोठ्यांनी ती आवरती घेतली, कारण त्यांना आता आपल्या पारखण्याची गरज वाटत नाही. आपण नाव वाचून येऊ, याची त्यांना खात्री आहे. तेव्हा उपाय थोडा आपल्याही हाती आहे. खेळ अजून बाजारात यायचा असताना, बाजारात तुरी म्हणतात तसा, नुसत्या चित्रफितीवर भुलून आगाऊ पैसे मोजणारे गिऱ्हाईक जोवर आहेत, तोवर मूठ झाकलेलीच राहणार. आंबेवाल्याला "फोड दाखवा" म्हणायला आपण लाजत नाही. इथेही लाजण्याचे कारण नाही.